जपणे आणि जखडणे

आपल्याकडे माणसाने साठी ओलांडली की त्याच्याभोवती ‘आता जपा’ या दोन शब्दांचे कुंपण उभे राहू लागते. जिना चढू नका, जड पिशवी उचलू नका, स्टुलावर उभे राहू नका, एकटे कोठे जाऊ नका. हे कुंपण घालणारे हात मायेचे असतात, त्यामुळे ते ओलांडणाऱ्यालाच अपराधी वाटते. मुले-सुना सांगतात, शेजारी सांगतात आणि बाहेर रुग्णांची रांग असली की आपण डॉक्टरही तेच सांगतो. कारण उघड आहे. ‘करू नका’ हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. ‘कसे करावे’ हे सांगायला अर्धा तास लागतो. या घाईत जपणे आणि जखडणे यांतील सीमारेषा पुसली जाते आणि त्याची किंमत वार्धक्यात पायांची शक्ती, शरीराचा तोल आणि मनाची उमेद या तिन्हींनी मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली सुमारे तीस वर्षे बडोद्यात व्यवसाय करताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. आजोबांना ज्या शब्दांत घरी बसवले जाते, त्याच शब्दांत नातवालाही बसवले जाते. आयुष्याच्या दोन्ही टोकांना एकच कुंपण आहे. हा विचार मनात घोळत असताना परिचयातील एका निवृत्त दांपत्याने सायकलवरून जपानचा थोडासा भाग पाहिला आणि त्या प्रवासाने माझ्या विचारांना एक ठोस उदाहरण दिले. त्यांच्या अनुमतीने, पण त्यांची नावे न देता, ते येथे मांडतो.

गृहस्थ वीज कंपनीतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवीत. त्या सगळ्या परिसराच्या ‘बाई’. त्यांची मुलगी माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या बालरुग्णांपैकी एक, आणि आता तिची नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे येते. २०२४ च्या वसंत ऋतूत, साकुरा म्हणजे चेरीची झाडे फुलतात त्या सुमारास, जपानला जायचे आणि तेथे सायकल चालवायची, असा बेत या दोघांनी केला तेव्हा काकांचे वय ६७ आणि बाईंचे ६४ होते. काकांना उच्च रक्तदाब आहे. बाईंच्या डाव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली आहे. हा बेत घरात कळला आणि बंगळुरूहून त्यांच्या मुलाचा मला दूरध्वनी आला.

“डॉक्टर, बाबांना बीपी आहे, आईला गुडघ्यामुळे जिना उतरता येत नाही, आणि हे दोघं सायकलवरून समुद्र ओलांडणार म्हणतात! तुमचं ते ऐकतात. तुम्हीच त्यांना समजवा.”

मुलगा वाईट नव्हता. दूर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटते तेच त्याला वाटत होते. मी त्याला म्हणालो, “तुला नेमकी कशाकशाची भीती वाटते, ते एकेक लिहून पाठव.” त्याने रात्रीच चार ओळी पाठविल्या : बाबांच्या छातीत दुखले तर, आईचा गुडघा अडला तर, दोघांपैकी कोणी पडले तर, आणि परक्या देशात आजारी पडले तर. ही यादी मी काका-बाईंच्या हातात ठेवली. मनात फिरणारी भीती अमर्याद असते. कागदावर उतरली की ती मोजता येते, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीवर उपाय शोधता येतो.

पहिल्या ओळीसाठी काकांना आपल्याच एका फिजिशियन मित्राकडे पाठविले. स्ट्रेस टेस्ट झाली, रक्तदाबाच्या औषधाची मात्रा नीट बसविली गेली आणि चार महिन्यांत व्यायाम टप्प्याटप्प्याने कसा वाढवायचा हे ठरले. दुसऱ्या ओळीसाठी बाई अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या. गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णाला सायकल बहुधा मानवते, कारण शरीराचा बराचसा भार बैठक उचलते. मात्र मांडीचे स्नायू बळकट हवेत, आणि बैठक अशा उंचीवर हवी की पायटा सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. आपल्याकडे बहुतेक जण बैठक फार खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीसाठी सायकलला दोष देतात. तिसऱ्या ओळीसाठी डोळ्यांची तपासणी, रोज तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि शिरस्त्राण. जपानमध्ये एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी शिरस्त्राण वापरावे अशी अपेक्षा कायद्यातच नोंदविलेली आहे.

चौथ्या ओळीत एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल म्हणून विस्ताराने सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे स्वतःसाठी एक महिना पुरतील इतकी जपानमध्ये नेता येतात. त्याहून अधिक न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. परंतु स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे तेथे नेण्यास बंदी आहे. सर्दीची साधी गोळी म्हणून आपण सहज पिशवीत टाकतो, तिच्यातील घटक वाचूनच ती न्यावी. काकांनी औषधांची मूळ नावे, आजारांची नोंद आणि आमचे क्रमांक असा एक कागद इंग्रजीत व जपानीत करून घेतला आणि प्रवासी विमा उतरविला.

यानंतर चार महिने ही दोघे पहाटे साडेपाचला, रस्ते मोकळे असताना, कमाटीबागेच्या बाजूने सायकल चालवीत. आरंभी तीन किलोमीटर, मार्चअखेर तीस. दूधवाले त्यांना ओळखू लागले. “डॉक्टर, प्रवास तेव्हाच सुरू झाला,” असे बाई मला नंतर म्हणाल्या.

त्यांनी निवडलेला मार्ग म्हणजे ‘शिमानामी काइदो’. होन्शू या मुख्य बेटावरील ओनोमिची आणि शिकोकू बेटावरील इमाबारी यांच्यामध्ये सेतो नावाचा अंतर्गत समुद्र आहे. त्यातील सहा बेटांवरून, एकामागून एक पूल ओलांडत, हा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. पुलांची ही साखळी मे १९९९ मध्ये पूर्ण झाली. तरुण सायकलस्वार हे अंतर एका दिवसात तोडतात. आमच्या दांपत्याने त्याला तीन दिवस दिले आणि चौथा दिवस राखीव ठेवला.

ओनोमिचीच्या टेकडीवर सेन्कोजी मंदिराभोवतीचे उद्यान आहे. साकुरासाठी जपानभर नावाजलेल्या जागांत त्याची गणना होते. तेथे फुलांखाली सतरंजी पसरून बसलेली कुटुंबे पाहून पहिली संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लहानशा नावेने, सायकलींसह, काही मिनिटांत पलीकडचे मुकाइशिमा बेट गाठले. पुढे इन्नोशिमाचा पूल. त्याच्यावरच्या मजल्यावरून मोटारी जातात आणि खालच्या मजल्यावरून, मोटारींपासून पूर्ण वेगळ्या मार्गाने, सायकली आणि पादचारी. मग लिंबांच्या बागांचे इकुचिजिमा. त्यापुढे तातारा पूल. मधला गाळा ८९० मीटरचा, आणि १९९९ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा तारांनी तोललेल्या पुलांत जगातील सर्वांत लांब गाळ्याचा. या पुलाच्या मनोऱ्याखाली उभे राहून टाळी वाजविली तर तिचे पडसाद सरसरत वर चढत जातात. “आम्ही दोघं तिथं दहा मिनिटं नुसत्या टाळ्या वाजवत होतो,” असे सांगताना निवृत्त अभियंत्याच्या चेहऱ्यावर मला दहा वर्षांचा मुलगा दिसला.

राखीव दिवस कामी आला. इकुचिजिमा बेटावरील सेतोदा गावी मुक्काम असताना रात्रीपासून पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. काकांच्या मनात होते की रेनकोट घालून निघावे. बाईंनी ठाम नकार दिला, आणि तो दिवस त्यांनी गावातील इकुओ हिरायामा यांच्या चित्रसंग्रहालयात घालविला. हा चित्रकार १९३० साली याच गावी जन्मला. पंधराव्या वर्षी हिरोशिमात तो अणुबॉम्बच्या तडाख्यात सापडला. पुढे त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. बुद्धाचा धर्म भारतातून जपानपर्यंत ज्या वाटांनी गेला त्या वाटा त्याने त्यानंतर रंगविल्या, आणि त्यासाठी मध्य आशियाच्या वाळवंटांत पुन्हा पुन्हा प्रवास केला. २००९ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, तो वारला. काय टाळावे आणि काय टाळू नये, याचा विवेक त्या एका पावसाळी दिवशी दोन्ही अंगांनी दिसला : बाईंनी वाऱ्यातला पूल टाळला, आणि हिरायामांनी आजारपणातही वाट टाळली नाही.

परत आल्यावर या दोघांचे सर्वत्र कौतुक झाले. ‘काय हिंमत!’ असे जो तो म्हणू लागला. येथेच माझा मतभेद आहे. हिंमत होतीच, पण ती बेताचीच लागली. उरलेले काम त्या मार्गाने केले होते. पूल समुद्रापासून उंच आहेत. तरीही सायकलींसाठी चढ वेगळे वळवून त्यांचा उतार सुमारे तीन टक्क्यांवर ठेवलेला आहे, म्हणजे शंभर मीटर चालले की तीन मीटर वर. रस्त्याच्या कडेने एक निळी रेघ सलग काढलेली आहे. ती धरून गेले की वाट चुकत नाही, भाषा येवो न येवो. वाटेत पाणी, हवेचा पंप, शौचालय आणि बसायला जागा मिळते. सायकली भाड्याने मिळतात आणि दमल्यास पुढच्या ठरावीक केंद्रावर परत करता येतात. बाईंची सायकल विजेचे साहाय्य असलेली होती. तेथील नियमानुसार हे साहाय्य पायटा मारल्यावरच मिळते आणि ताशी २४ किलोमीटर वेगाला बंद होते. अशी व्यवस्था असली की चौसष्टाव्या वर्षी सायकलवरून समुद्र ओलांडणे हे धाडस राहत नाही, सहल होते.

यावर ‘ते जपान आहे’ असे उत्तर तत्काळ येते. ते उत्तर पुरेसे नाही. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवरील अपघातांत १६,७६५ माणसे मेली. तेथील लोक त्या काळाला ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत. त्यानंतर पदपथ, सिग्नल, वेगमर्यादा, शाळांचे मार्ग आणि मद्यपी चालकांवर कठोर कारवाई असे पन्नास वर्षांचे काम झाले, आणि २०२२ मध्ये हा आकडा २,६१० वर आला. त्याच वर्षी भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. जपानचा आकडा अपघातानंतर चोवीस तासांत झालेल्या मृत्यूंचा आहे आणि आपला तीस दिवसांतील, हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपली लोकसंख्या त्यांच्या सुमारे साडेअकरा पट आहे, हेही. तरीही दरी प्रचंड आहे. ती स्वभावातील शिस्तीमुळे पडली असती तर १९७० मध्येही दिसली असती.

जपानचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तेथे वृद्धांचे सारे सुरळीत आहे असेही नाही. पासष्टीवरील लोक आता एकूण लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहेत. शंभरी गाठलेले लोक १९६३ मध्ये १५३ होते, ते २०२४ मध्ये ९५ हजारांवर गेले. पण त्याच २०२४ मध्ये घरी एकट्याने मरण पावलेल्यांची संख्या सुमारे ७६ हजार होती आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. पाय चालते ठेवणे त्यांना साधले. माणसे एकत्र ठेवणे तितके साधलेले नाही. आपले नेमके उलटे आहे. आपल्याकडे आजोबांभोवती माणसे आहेत, पण आजोबा खुर्चीवर आहेत. दोघांनी एकमेकांकडून घ्यावे असे पुष्कळ आहे.

साकुराचेच उदाहरण घ्या. जपानमध्ये सर्वत्र दिसणारी ‘सोमेइ योशिनो’ ही जात कलमांनी वाढविलेली आहे. एका झाडाचीच ती प्रतिरूपे असल्याने एका परिसरातील झाडे एकाच वेळी फुलतात आणि आठवडा-दहा दिवसांत रिती होतात. या झाडाचे आयुष्य साधारण साठ वर्षांचे, असे मानले जात असे. शिवाय तेथे एक म्हण आहे : चेरी छाटतो तो मूर्ख आणि प्लम छाटत नाही तोही मूर्ख. चेरीची फांदी कापली की तेथून झाड कुजते, म्हणून तिला हात लावू नये, ‘जपावे’, असा हा पिढीजात सल्ला. उत्तरेकडील आओमोरी प्रांतात हिरोसाकी किल्ल्याचे उद्यान आहे. तो प्रदेश सफरचंदांचा. तेथील माळ्यांनी सफरचंदाची छाटणी ज्या पद्धतीने करतात ती चेरीला लावून पाहिली. वाळलेल्या फांद्या काढल्या, कापलेल्या जागेला औषध लावले, मुळांना खत दिले. आज त्या उद्यानात शंभरी ओलांडलेली चेरीची झाडे तीनशेहून अधिक आहेत, १८८२ साली लावलेले एक झाड अद्याप फुलते, आणि इतर ठिकाणांपेक्षा तेथील घोस अधिक भरगच्च असतात. त्या झाडांना नुसते सोडून दिले असते तर ती साठीतच गेली असती. जाणत्या माणसाने हात लावला, म्हणून ती वाचली. आपल्या वृद्ध रुग्णांना आपण त्या म्हणीप्रमाणे वागवतो की त्या माळ्यांप्रमाणे, याचा विचार व्हावा.

शास्त्रीय पुरावाही याच दिशेने जातो. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या, अनेक वर्षे लांब अंतराची सायकल चालविणाऱ्या १२५ हौशी स्त्री-पुरुषांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या स्नायूंचे वस्तुमान वयाबरोबर घटलेले दिसले नाही, आणि थायमस ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या नव्या टी-पेशींचे प्रमाण बऱ्याच तरुण व्यक्तींइतके आढळले. मुळात निरोगी असलेलेच लोक सायकल चालवीत राहतात, हा आक्षेप अशा अभ्यासावर घेता येतो आणि तो रास्त आहे. सायकलने हाडे विशेष मजबूत होत नाहीत, त्यासाठी चालणे, पायऱ्या चढणे आणि वजन पेलणारे व्यायाम हवेतच, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारे व्यायाम सुचविले, ते याच कारणाने. हे व्यायाम खुर्चीत बसून ‘जपल्याने’ होत नाहीत.

आता माझ्या विषयाकडे येतो. सत्तराव्या वर्षी सायकलवर बसणारे शरीर सातव्या वर्षी घडू लागते. हाडांची कमाल घनता तिशीच्या आत गाठली जाते. पुढे आपण ती राखतो किंवा गमावतो. तोल, रस्त्याचा अंदाज, आपल्या शरीरावरचा विश्वास हे सारे बालपणात पायांनी शिकायचे धडे आहेत. परतीपूर्वी काका आणि बाई दोन दिवस मात्सुयामा शहरात राहिले. नवे शालेय वर्ष नुकतेच सुरू झाले होते. सकाळी गल्लीतून मुलांचे घोळके शाळेकडे चालत निघाले. पुढे मोठ्या वर्गातले मूल, मागे पिवळ्या टोप्या घातलेली पहिलीची मुले. चौकात हातात झेंडा घेऊन एक वृद्ध गृहस्थ उभे होते. मुले त्यांना वाकून अभिवादन करीत आणि ते झेंडा आडवा धरून मोटारी थांबवीत. जपानमध्ये प्राथमिक शाळा घरापासून चार किलोमीटरच्या आत असावी असे धोरण आहे, मुले बहुधा चालतच जातात, आणि वाटेवर लक्ष ठेवायला गावोगावचे निवृत्त लोक स्वेच्छेने उभे राहतात. बाई म्हणाल्या, “सगळ्या फुलांपेक्षा मला ते दृश्य आवडलं. दोघांनाही काम मिळालं होतं.”

माझ्या दवाखान्यात येणारी मुले शाळेत व्हॅनने जातात, शिकवणीला ॲक्टिव्हावर मागे बसून जातात आणि खेळायला लिफ्टने खाली उतरतात. रोज सरासरी साठ मिनिटे अंग हलवावे ही मुलांसाठीची शिफारस किती घरांत पाळली जाते, हे आपण सर्व जण वजनकाट्यावर पाहतो. पालकांना विचारले तर ‘रस्ते कसे आहेत पाहता ना, डॉक्टर’ हे उत्तर मिळते, आणि ते खोटे नाही. गर्दीच्या वेळी नऊ वर्षांच्या मुलीला हमरस्त्यावर सायकल घेऊन पाठवा, असे मी म्हणणार नाही. पण रस्ता धोक्याचा आहे म्हणून प्रत्येकाने मूल मोटारीत बसविले की शाळेच्या दाराशी मोटारींची संख्या वाढते, आणि चालत येणाऱ्या उरल्यासुरल्या मुलांचा धोकाही वाढतो. एकेका घराने घेतलेली काळजी सगळ्यांची मिळून निष्काळजी ठरते. म्हणून हे कोडे घरात सुटणार नाही. ते गल्लीत सुटेल.

एक आक्षेप उरतो : जपानचा खर्च किती जणांना परवडेल? थोड्यांनाच. परंतु काका-बाईंच्या प्रवासातील सर्वांत मोलाचा भाग बडोद्यात झाला, आणि तो फुकट झाला. भीतीची यादी करणे, तिच्यावर एकेक उपाय योजणे, चार महिने शरीराला सवय लावणे, आणि वारा सुटला तर थांबणे, या चार गोष्टींना पारपत्र लागत नाही. ज्यांना जपान नको त्यांनी नर्मदाकाठ निवडावा, नाहीतर पावागढच्या पायऱ्या. व्यायामशाळांची जुनी परंपरा असलेल्या, जुम्मादादांच्या नावाचे व्यायाम मंदिर मिरविणाऱ्या या शहराने व्यायाम म्हणजे तरुणांची मिरास असे मानू नये.

आपल्या मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, साठीवरील रुग्णाला ‘जपा’ असे सांगताना त्याच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर काय करू नये याच्या एका ओळीमागे काय करावे याच्या दोन ओळी असाव्यात. दुसरी, वृद्ध रुग्णाची मुले चिंतेने दूरध्वनी करतात तेव्हा त्यांची चिंता झिडकारू नये आणि तिला शरणही जाऊ नये. ती लिहून मागावी. माझा अनुभव असा की लिहिलेली भीती चार ओळींपलीकडे क्वचितच जाते.

तिसरी सूचना अधिक खटपटीची आहे. शहरातील एखादी शाळा निवडावी, तिच्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना घोळक्याने चालत न्यावे, आणि वाटेवरच्या प्रत्येक चौकात आपल्या समाजातील दोन निवृत्त व्यक्तींनी सकाळचा अर्धा तास उभे राहावे. पोलीस व शाळा यांची परवानगी घ्यावी, पालकांची सभा घ्यावी, पावसाळा सोडून आरंभ करावा. १९०६ साली या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी सक्तीचे झाले. मूल शाळेत पोहोचले पाहिजे हा निश्चय तेव्हा राज्यकर्त्याने केला होता. ते स्वतःच्या पायांनी पोहोचावे, एवढी पुढची पायरी आपण नागरिकांनी चढायला हरकत नसावी.

माझ्या दवाखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांशी मी बोललो आहे. त्यांनी एका वर्गापुरता प्रयोग करून पाहण्याची तयारी दाखविली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा ठरतो आहे. वाटेवर तीन चौक आहेत, म्हणजे सहा माणसे हवीत. पहिल्या चौकासाठी काका आणि बाई यांनी नावे दिली आहेत. मुलाने बंगळुरूहून विचारले, “आई, गुडघ्याचं काय? अर्धा तास उभं राहायचंय.” बाईंनी त्याला सांगितले की त्या घडीची खुर्ची बरोबर नेणार आहेत, आणि मुले आली की उठणार आहेत. उरलेल्या दोन चौकांसाठी चार जण हवे आहेत. वयाची अट नाही.